डागडुजीचा इतिहास : शिवकालीन गडांपासून तिन्ही सेनादलांच्या एकत्र व्यवस्थेपर्यंत



किल्ला कोणी बांधला हे इतिहास आवर्जून सांगतो. तो कोणी जिंकला आणि कोणी गमावला हेही सांगतो. परंतु बांधल्या दिवसापासून जिंकला जाईपर्यंतच्या पन्नास-शंभर पावसाळ्यांत त्याची गळती कोणी काढली, तटावर उगवलेले पिंपळाचे रोप कोणी उपटले, दारूच्या कोठाराला कोणी ऊन दाखविले, याविषयी आपली पाठ्यपुस्तके मौन पाळतात. बांधणाऱ्याला कीर्ती मिळते, लढणाऱ्याला पोवाडा मिळतो. राखणाऱ्याच्या वाट्याला फक्त जमाखर्चाची एखादी ओळ येते. आजच्या व्याख्यानाचा विषय ती ओळ आहे.

हा विषय जुन्या कागदांपुरता मर्यादित नाही. आपल्या देशाच्या भूदल, नौदल आणि वायुदल या तिन्ही सेनादलांच्या इमारती, गोद्या, धावपट्ट्या आणि वसाहती यांची निगा एकत्र ठेवावी की प्रत्येकाने आपापली ठेवावी, एकत्र ठेवल्याने पैसा खरोखर वाचतो की नाही, हा आजही राज्यकर्त्यांपुढे असलेला प्रश्न आहे. या प्रश्नाला मराठी इतिहासाकडे काही उत्तर आहे काय, एवढेच मी येथे तपासणार आहे.

कामरेजच्या भूमीवरून

हा विचार कामरेज येथे मांडण्यात एक औचित्य आहे. जुन्या ताम्रपटांत ज्या ‘कार्मणेय’ या स्थळाचा उल्लेख येतो ते म्हणजेच हे तापीकाठचे कामरेज, असे अभ्यासक मानतात. पुढच्या काळात हा तालुका बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होता आणि १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत तेथे गायकवाडांचा अंमल चालला. या नवसारी प्रांताची रचना पाहण्यासारखी आहे. पूर्वेला डोंगराच्या अंगाला सोनगडचा किल्ला. १७१९ च्या सुमारास पिलाजीराव गायकवाडांनी तेथे बस्तान बसविले आणि बडोदे हाती येण्यापूर्वी तेच त्यांचे मुख्य ठाणे होते. पश्चिमेला खाडीच्या मुखाशी बिलीमोरा. तेथे गायकवाडांच्या आरमाराचा सुभा होता. म्हणजे एकाच प्रांतात डोंगरी दुर्गही होता आणि लढाऊ गलबतांचे ठाणेही होते.

दुर्ग आणि गलबत यांचे शत्रू वेगळे असले तरी त्यांची दुखणी सारखीच असतात. पाऊस, वाळवी, गंज आणि दुर्लक्ष ही चार दुखणी दोघांनाही सारखीच जडतात. आणि दोघांचे औषधही एकाच रानातून येते. गडावरच्या सदरेची तुळई आणि गलबताचा कणा, दोन्हीला सागच लागतो. सोनगड, व्यारा आणि डांग या पट्ट्यातील साग इतका नामांकित होता की १८४० च्या दशकात इंग्रजांनी डांगची राने जहाजांच्या लाकडासाठी पट्ट्याने घेतली. सुतार, लोहार, गवंडी, चुन्याची भट्टी, दोर वळणारे, डांबर लावणारे हे कारागीर एकाच मुलखातले. त्यांना एका हिशेबात बांधावे की दोन हिशेबांत, हा प्रश्न त्यामुळे जमीन आणि पाणी या दोहोंवर राज्य करणाऱ्या प्रत्येक सत्तेपुढे उभा राहतो. मराठ्यांपुढे तो पहिल्यांदा स्पष्टपणे उभा राहिला तो शिवाजी महाराजांच्या काळात.

पावणेदोन लाख होनांची यादी

राज्याभिषेकापूर्वी सुमारे तीन वर्षे, म्हणजे १६७१-७२ या सालातील एक जाबता उपलब्ध आहे. गडकोटांच्या इमारतींसाठी महाराजांनी एकंदर १,७५,००० होन नेमून दिल्याची ती नोंद आहे. रक्कम मोठी आहे, परंतु माझ्या दृष्टीने त्या रकमेपेक्षा तिची मांडणी अधिक महत्त्वाची आहे. कोणत्या गडासाठी किती, हे तेथे नावानिशी सांगितले आहे. एकट्या रायगडासाठी ५०,००० होन, म्हणजे एकंदर रकमेच्या चौथ्या हिश्शाहून काहीसे अधिक. बाकीची रक्कम इतर गडांवर त्यांच्या त्यांच्या मानाप्रमाणे वाटलेली. आणि या एकाच यादीत सिंहगडासारखे डोंगरी किल्ले आहेत, तसेच सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग हे सागरी दुर्गही आहेत.

या गोष्टीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ मध्ये झालेली. मराठ्यांचे आरमार त्या वेळी अगदी बाल्यावस्थेत होते. नव्या दलाचा उत्साह मोठा असतो, त्याच्या मागण्याही मोठ्या असतात. अशा वेळी आरमाराच्या दुर्गांचा खर्च आरमाराने पाहावा आणि डोंगरी गडांचा खर्च पायदळाने पाहावा, अशी वाटणी करणे सोपे होते. तसे झाले नाही. लाट तटावर आदळते म्हणून सिंधुदुर्गाला वेगळा खजिना नाही आणि ढग सदरेवर उतरतात म्हणून रायगडाला वेगळा नाही. राज्य एक, खजिना एक, यादी एक. परंतु त्या यादीत प्रत्येक गडाचे नाव मात्र स्वतंत्र.

राज्यव्यवस्थेत ‘इमारत’ हे एक स्वतंत्र खातेच होते. अठरा कारखाने आणि बारा महाल यांची जी नामावळी परंपरेने आपल्याला परिचित आहे, तिच्यात कोठी, पागा, टांकसाळ यांच्या पंक्तीला ‘इमारत’ हा एक महाल आहे. बांधकाम आणि निगा हे लढाई संपल्यावर सवडीने करावयाचे काम नसून धान्य आणि घोडे यांच्या बरोबरीने सदैव चालणारे काम आहे, ही जाणीव त्या नामावळीत दिसते.

गडावरचे तीन अधिकारी

यादी राजधानीत होते. गळती मात्र गडावर असते. या दोहोंमधले अंतर कसे भरून काढावे? सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या बखरीत गडावरच्या व्यवस्थेचे वर्णन आहे. हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तीन अधिकारी समान दर्जाचे असावेत आणि तिघांनी मिळून कारभार करावा, अशी ती योजना. त्यांच्या जोडीला कारखानीस. धान्याचा साठा आणि युद्धसाहित्य यांचा हिशेब त्याच्याकडे. एका अधिकाऱ्याच्या हाती किल्ला गेला तर तो किल्ला शत्रूच्याही हाती जाऊ शकतो, म्हणून ही त्रयी होती हे आपण नेहमी सांगतो. परंतु या योजनेचा आणखी एक लाभ होता. साहित्याची जमा एकाकडे, नोंदीवर नजर दुसऱ्याची आणि ज्याच्या माणसांना त्या छपराखाली झोपावयाचे आहे तो तिसरा. चुना आला असे कागदावर लिहिले आणि तटाला लागलाच नाही, तर ते तिघांपैकी एकाच्या तरी डोळ्यांवर येणारच.

रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त दुर्ग आणि आरमार या दोन्ही विषयांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. राजनीतीचा ग्रंथ म्हणून त्याचा गौरव नेहमी होतो. निगराणीची नियमावली म्हणून तो वाचला जात नाही, याचे मला आश्चर्य वाटते. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, एका झऱ्यावर विसंबू नये, तोफांच्या हादऱ्याने झरा आटू शकतो म्हणून टाकी खोदून ठेवावीत, असे तेथे सांगितले आहे. दारूचे कोठार वस्तीपासून दूर असावे. त्याला ओल लागू नये. ठरावीक दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढवावी, तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावी. तटावर उगवणारी झाडे दरसाल कापावीत, तटाचे आणि खालचे गवत जाळावे. या कामाला ‘गड न्हाणणे’ असा सुंदर शब्द आहे. जणू गड हे घरातले मूल आहे आणि त्याला वर्षाचे न्हाऊ घालावयाचे आहे. गडावरचा केर खाली ढकलू नये, जागच्या जागी जाळावा आणि ती राख परसात घालून भाजीपाला करावा, येथपर्यंत बारकावा आहे.

आरमाराच्या प्रकरणातही हीच दृष्टी दिसते. पावसाळ्यात गलबतांची छावणी सुरक्षित बंदरी करावी, परंतु दरसाल एकाच बंदरी करू नये, कारण त्या एका ठिकाणच्या रयतेला उपद्रव होतो. जहाजासाठी रानातला साग हुकमाने तोडावा. रयतेची आंबा-फणसाची झाडे मात्र धन्याच्या खुशीवाचून तोडू नयेत, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. काटकसर म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातील झाड फुकट तोडणे नव्हे, हा विवेक येथे आहे. खर्च सरकारच्या वहीतून वगळून रयतेच्या माथी मारला तर तो वाचत नाही, केवळ दिसेनासा होतो.

या साऱ्यावरून शिवकालीन व्यवस्थेची तीन सूत्रे हाती येतात. पैसा एका ठिकाणाहून नेमून द्यावा. नियम सर्वांना सारखे असावेत, पण स्थळाप्रमाणे त्यांचा तपशील बदलावा. आणि जबाबदारी मात्र त्या त्या गडावर, नाव घेऊन सांगता येईल अशा माणसाकडे असावी. पहिली दोन सूत्रे एकत्रीकरणाची आहेत. तिसरे त्याच्या उलट दिशेचे आहे. या तिसऱ्या सूत्रावाचून पहिली दोन निरर्थक ठरतात, हे माझे आजच्या व्याख्यानातील मुख्य प्रतिपादन आहे.

दुभंगलेले अठरावे शतक

अठराव्या शतकात मराठ्यांचा मुलूख वाढला, पण ही एक यादी राहिली नाही. गड सरंजामात गेले. आरमार आंग्र्यांच्या घराण्याकडे राहिले आणि कान्होजींच्या निधनानंतर १७२९ पासून पुढच्या काही वर्षांत त्या घराण्यातच कुलाबा आणि विजयदुर्ग अशी दोन ठाणी परस्परांपासून दुरावली. जमिनीवरची सत्ता पुण्याची आणि समुद्रावरची सत्ता आंग्र्यांची, अशी फूट इतकी वाढली की १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग आणि १७५६ मध्ये विजयदुर्ग घेताना पेशव्यांची फौज आणि इंग्रजांचे आरमार एका बाजूला होते. विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांची गलबते जळाली. शिवाजी महाराजांच्या एका यादीत जे दुर्ग शेजारी शेजारी लिहिले होते, ते दुर्ग आता परस्परांच्या शत्रूंची ठाणी झाले होते. या दुर्दैवाची कारणे राजकीय आहेत आणि ती सर्वांस ठाऊक आहेत. दुरुस्तीचा हिशेब वेगळा झाला म्हणून राज्य दुभंगले असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. पण राज्य दुभंगू लागले की त्याची पहिली खूण खजिन्याच्या वहीत उमटते, एवढे निश्चितपणे म्हणता येईल.

मे १८१८ मध्ये रायगड पडला तो तोफगोळ्यांच्या माऱ्याने लागलेल्या आगीत आणि दारूकोठाराच्या स्फोटात होरपळून. ज्या गडाच्या इमारतींसाठी कधी काळी ५०,००० होन नेमले होते, त्याचे वाडे त्या आगीत भस्मसात झाले.

एकोणिसावे शतक आणि १९२३

इंग्रजी अमलात हाच प्रश्न नव्या वेषात आला. कंपनी सरकारच्या काळात बांधकामांवर ‘मिलिटरी बोर्डा’ची देखरेख असे. लष्कराच्या बराकी आणि जनतेचे रस्ते, कालवे, पूल एकाच मंडळाकडे. त्यामुळे दोहोंची आबाळ होई. लॉर्ड डलहौसीने १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खाते निर्माण केले. आपल्या परिसरातील याचे ठळक उदाहरण म्हणजे १८७९ मध्ये पूर्ण झालेले खडकवासल्याचे धरण. कर्नल फाइफ या लष्करी अभियंत्याने आखलेल्या त्या एका धरणाने शेतीला पाणी दिले आणि पुणे व खडकी येथील छावण्यांनाही दिले.

पुढे अनुभवाने असे दिसले की छावणीची निगा ही नागरी खात्याच्या सवडीवर सोडण्याजोगी गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लष्करी बांधकामांची शाखा टप्प्याटप्प्याने वेगळी झाली आणि २६ सप्टेंबर १९२३ रोजी ‘मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस’ ही संघटना आजच्या नावाने उभी राहिली. तिचे संक्षिप्त नाव ‘एमईएस’ हेच लष्करी छावण्यांच्या परिसरात रूढ आहे. या तारखेचे महत्त्व असे की भारतीय वायुदलाची स्थापना १९३२ मधील आहे आणि ‘रॉयल इंडियन नेव्ही’ हे नाव १९३४ मधील आहे. म्हणजे निगा राखणारी संघटना आधी होती आणि दोन दले नंतर आकाराला आली. त्या दलांनी आपापली स्वतंत्र बांधकाम खाती उभारली नाहीत. ती या एका छत्राखाली आली. अनेक देशांना जे एकत्रीकरण विसाव्या शतकाच्या शेवटी आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या सायासाने करावे लागले, ते आपल्याकडे जवळजवळ न ठरवताच घडून गेले.

स्वातंत्र्यानंतर हे छत्र अधिक विस्तारले. तटरक्षक दल आणि संरक्षण संशोधनाच्या संस्था यांची कामेही या संघटनेकडे आली. तिचे शिक्षणपीठ महाराष्ट्रात आहे. लष्करी अभियांत्रिकीची संस्था १९४८ मध्ये रुरकीहून पुण्याजवळ दापोडीस आली. तेच आजचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय. त्याच वर्षी पुण्यातच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जानेवारी १९५५ मध्ये खडकवासल्यास राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे उद्घाटन झाले. तिन्ही दलांचे छात्र एकाच भोजनगृहात जेवतात, एकाच छपराखाली शिकतात, तेव्हा त्या छपराची कौले भूदलाची की वायुदलाची असा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

व्यवस्था कशी चालते

या संघटनेची उतरंड सामान्य वाचकाला माहीत नसते, म्हणून थोडक्यात सांगतो. शिखरावर दिल्लीत मुख्य अभियंता-प्रमुख. त्याखाली निरनिराळ्या विभागांचे मुख्य अभियंते, त्यांत नौदलासाठी आणि वायुदलासाठी नेमलेलेही. आणि प्रत्यक्ष छावणीत ‘गॅरिसन इंजिनिअर’. इमारती व रस्ते ही एक बाजू, वीज व यंत्रे ही दुसरी बाजू. अधिकाऱ्यांत गणवेशधारीही असतात आणि मुलकीही. कामाची गरज कोणती हे त्या त्या दलाचा अधिकारी ठरवितो आणि मंजुरीही त्याच्या बाजूने येते. काम करून देणे हे अभियंत्याचे. मागणारा आणि करणारा वेगळा ठेवण्याचे हे तत्त्व सभासदाच्या बखरीतील त्रयीशी जुळणारे आहे.

परंतु व्यवहारात घर्षण होतेच. कामे रेंगाळणे, अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांत तफावत पडणे, यांवर नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांनी वेळोवेळी बोट ठेवले आहे. शिवाय तिन्ही दलांच्या गरजांत खरे भेद आहेत. भूदलाच्या बराकीचे छप्पर चार दिवस गळले तर जवान बिछाना सरकवतो आणि निभावून नेतो. नौदलाच्या धक्क्याला खारे पाणी रात्रंदिवस खाते; तेथील लोखंडाची गणना वर्षांत नव्हे, महिन्यांत करावी लागते. आणि वायुदलाच्या धावपट्टीवर सुटलेला एखादा खडा विमानाच्या इंजिनात गेला तर होणारी हानी एखाद्या वसाहतीच्या वर्षभराच्या दुरुस्तीखर्चाहून कितीतरी अधिक असू शकते. ऑक्टोबर २०२१ मध्ये पुण्याजवळच्या लोहगाव येथील धावपट्टीचा पृष्ठभाग नव्याने करण्यासाठी पुण्याची नागरी विमानवाहतूक सुमारे दोन आठवडे बंद ठेवावी लागली. वायुदलाची पट्टी आणि शहराची प्रवासीसेवा एकाच डांबरावर अवलंबून असल्याचे पुणेकरांना त्या पंधरवड्यात उमगले. बराक, धक्का आणि धावपट्टी यांना एकच मोजपट्टी लावणे म्हणजे काटकसर नव्हे. तो आळस होय.

बचतीचे गणित

गेल्या दशकात हा प्रश्न नव्याने ऐरणीवर आला. लेफ्टनंट जनरल डी. बी. शेकटकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सेनादलांची लढाऊ क्षमता वाढवावी आणि खर्चाचा समतोल साधावा या हेतूने डिसेंबर २०१६ मध्ये आपला अहवाल दिला. काही कामे खात्यातील कर्मचाऱ्यांनी आणि काही बाहेरच्या कंत्राटदारांनी करावीत, असे त्यातील एक सूत्र होते. त्यास अनुसरून मे २०२० मध्ये एमईएसमधील रिक्त असलेल्या १३,१५७ पदांपैकी ९,३०४ पदे रद्द करण्यास मान्यता देण्यात आली. पदे रिक्त होती. कोणाची चालू भाकरी हिरावली गेली नाही, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. तरीही ही पदे मुख्यतः खालच्या श्रेणीतील आणि औद्योगिक कामगारांची होती. म्हणजे ज्याला तोटी कोठे गळते आणि जुनी वाहिनी कोणत्या भिंतीतून गेली आहे हे ठाऊक असते, त्या माणसाची ती जागा होती.

दरम्यान डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने संरक्षण दल प्रमुख हे पद निर्माण केले. तिन्ही दलांच्या रसद, वाहतूक, प्रशिक्षण, दुरुस्ती व देखभाल यांत एकसूत्रता आणणे हे काम त्या पदाकडे सोपविण्यात आले आणि त्यासाठी तीन वर्षांची मुदत सांगण्यात आली. पहिले प्रमुख जनरल बिपिन रावत यांच्या हस्ते १ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत संयुक्त रसद केंद्र कार्यान्वित झाले. ज्या बंदराच्या गोदीला आकार देण्यासाठी १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना नेण्यात आले होते, त्याच मुंबईत तिन्ही दलांचा कोठार-हिशेब एकत्र आला, हा योगायोग सुरत जिल्ह्यातल्या श्रोत्यांना आवडेल.

आता परदेशाचा अनुभव पाहू, कारण तो डोळे उघडणारा आहे. अमेरिकेत २००५ मध्ये असे ठरले की भूदल, नौदल, वायुदल यांचे शेजारी शेजारी असलेले २६ तळ एकत्र करून १२ संयुक्त तळ करावेत. न्यू जर्सी राज्यात तर मॅकग्वायर, डिक्स आणि लेकहर्स्ट असे तीन दलांचे तीन तळ एक झाले. वीस वर्षांत २३० कोटी डॉलर वाचतील असा अंदाज होता. २०१२ मध्ये तेथील सरकारी लेखापरीक्षकांनी पाहिले तेव्हा तो अंदाज २४ कोटी ९० लाखांवर उतरला होता. जवळजवळ नव्वद टक्के बचत कागदावरून पुसली गेली. असे का व्हावे? एक महत्त्वाचे कारण असे की संयुक्त तळांसाठी जी समान मानके ठरली, ती गाठण्यासाठी पूर्वीपेक्षा अधिक खर्च येऊ लागला. दोन भाऊ एकत्र राहू लागले म्हणजे चूल एक होते खरी, पण एकाला तूप लागते म्हणून दोघांच्या पानांत तूप पडू लागले तर वाण्याचे बिल कमी होत नाही. कॅनडाने तर १९६८ मध्ये तिन्ही दलेच कायद्याने एक केली, एक गणवेश दिला. पुढे गणवेश वेगळे करावे लागले आणि २०११ मध्ये जुनी नावेही परत आली. ब्रिटनने मात्र दलांना हात न लावता २०११ मध्ये केवळ जमीन-इमारतींच्या निगेसाठी एक संघटना केली.

या तिन्ही उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. एकत्रीकरणाने बचत आपोआप होत नाही. साहित्याची घाऊक खरेदी, यंत्रांचा सामाईक वापर, दुहेरी कचेऱ्यांची बंदी यांतून काही पैसा निश्चित वाचतो. परंतु खरी बचत वेळेवर केलेल्या दुरुस्तीत असते. आज चार घमेली चुना लावला नाही तर पाच वर्षांनी भिंत बांधावी लागते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. आणि वेळेवर दुरुस्ती करावयाची तर ज्याला गळती दिसते त्याचा आवाज, ज्याच्या हाती पैसा आहे त्याच्या कानापर्यंत लवकर पोहोचला पाहिजे. मधल्या पायऱ्या वाढल्या तर एकत्रीकरण हेच विलंबाचे कारण होते. कर्मचारी कमी केल्याची बचत पहिल्याच वर्षी ताळेबंदात दिसते. न केलेल्या दुरुस्तीचा खर्च मात्र दहा वर्षांनी, दुसऱ्याच कोणा अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत दिसतो. म्हणून तो पहिल्याच्या खात्यात कधी लिहिला जात नाही.

समारोप

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. मराठी इतिहासाकडे या प्रश्नाचे उत्तर आहे काय? सतराव्या शतकातील उपाय एकविसाव्या शतकाला जसाच्या तसा लागू पडतो असे म्हणण्याइतका भाबडेपणा कोणत्याही इतिहासाच्या विद्यार्थ्याने करू नये. त्या काळी धावपट्टी नव्हती, वीजवाहिनी नव्हती, लाखोंच्या वसाहतीही नव्हत्या. परंतु १६७१-७२ च्या त्या जाबत्यात एक शहाणपण आहे आणि ते काळाने जुने होत नाही. त्यात सारे गड एका खजिन्याला जोडले आहेत, पण एकाही गडाचे नाव पुसलेले नाही. ‘गडकोट : पावणेदोन लाख होन’ अशी एकच ओळ लिहून मोकळे होता आले असते. तसे केले असते तर राजधानीजवळच्या गडाला अधिक मिळाले असते, दूरच्या सागरी दुर्गाची ओरड खलबतखान्यापर्यंत पोहोचली नसती आणि वर्षअखेर हिशेब मात्र चोख जुळला असता.

तेव्हा तिन्ही दलांची निगा एकत्र ठेवावी काय, या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे. आणि आपल्या देशाने ती शंभर वर्षे एकत्र ठेवली याचा मला अभिमान आहे. मात्र त्या होकाराला एक अट जोडली पाहिजे. पैसा एकत्र करावा, खरेदी एकत्र करावी, नियम एकत्र करावेत. पण हवालदाराने पंधरा दिवसांनी स्वतः येऊन दारूला ऊन द्यावे, ही जबाबदारी एकत्र करू नये. ती एकत्र केली की ती कोणाचीच राहत नाही. बचतीच्या नावाखाली मिस्त्रीची जागा रद्द करताना, त्याच्या डोक्यातली माहिती कोणाच्या वहीत उतरविली आहे, हे आधी विचारले पाहिजे. कंत्राटदार दरवर्षी बदलतो. भिंत बदलत नाही.

या शाळेतून शिकून उद्या काहीजण सेनादलांत जातील, काही अभियंते होतील, काही हिशेबनीस होतील आणि बहुतेक जण करदाते होतील. रणांगणावरचे शौर्य त्यांनी वाचावे, त्याने त्यांचे मन उंचावेल. परंतु शिक्षकांनी त्यांना त्या यादीतील एखादे पानही दाखवावे आणि सांगावे की हे होन ज्यांनी मोजले, हा चुना ज्यांनी कालवला आणि ज्यांनी दरसाल गडाला न्हाऊ घातले, त्यांच्या खांद्यावर उभे राहून ते शौर्य लढले. देशाचे रक्षण जसे सीमेवर होते, तसेच ते गळक्या छपराखाली शिडी लावून उभ्या राहिलेल्या माणसाकडूनही होत असते. त्याचे नाव इतिहासात येणार नाही. त्याचे काम मात्र आले पाहिजे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.